रेघ आईकडून येते

१७ जानेवारी

आई,

हा एक शब्द लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं होतं. घटस्फोटात कोर्टाने सगळ्याची वाटणी करून दिली, पण तुम्हाला यापुढे काय म्हणायचं ते कुठल्याच कागदात लिहून दिलं नाही. दुसरं काही सुचलं की बदलीन. तोवर हेच.

चार वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तुम्ही आधी ते उलटसुलट करून बघाल आणि मग म्हणाल, "फौजदारीणबाईंना आता काय हवंय?" हवंय. एका रोपाची चौकशी करायची आहे.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. मागच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल, भिंगं घासायचं यंत्र, आणि दिवसभर त्याची घरघर. परवा मी जेवून आले तर टेबलावर एक रोप. औषधाच्या बाटलीबरोबर मोजायला जी प्लॅस्टिकची वाटी येते ना, तिला खाली भोक पाडून त्यात लावलेलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "एक बाई आल्या होत्या. चांगला धडधाकट चष्मा दुरुस्तीला घेऊन. मी म्हटलं, बाई, याला काही झालेलं नाही, आणि पुसून परत दिला. जाताना हे ठेवून गेल्या."

"कुणासाठी?"

"दुकानासाठी असेल. तुमच्या खिडकीत ऊन येतं म्हणून तिथे ठेवलं."

"दिसायला कशा होत्या?"

"बाईसारख्या," मालक म्हणाले. त्यांना फक्त फ्रेमा लक्षात राहतात.

कारण नसताना कुणी काही देत नाही, असं मी मानते. म्हणून भिंग डोळ्याला लावून रोप नीट तपासलं. पानं जाड, बोथट, जिभेसारखी, वर पांढरे खरखरीत ठिपके. इथपर्यंत थेट तुमच्या कुंडीतली बैलजीभ. पण बैलजिभेची पानं समोरासमोर दोन ओळींत बसतात, वहीची पानं उघडावी तशी. याची गोल फिरत गेली आहेत. आणि कडेला बारीक दात आहेत, बोट फिरवलं तर लागतात पण टोचत नाहीत. बैलजिभेला दात नसतात. म्हणजे हे संकरित आहे. आईबाप दोन वेगळ्या जातींचे.

आणि प्रत्येक पानाच्या एकाच कडेला पिवळी रेघ आहे.

अशी एकाच कडेची रेघ मी जन्मात एकाच झाडावर पाहिली, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बैलजिभेवर. त्याचं पिल्लू तुम्ही सख्ख्या बहिणीला दिलं नाहीत. ती रुसून जेवणाच्या ताटावरून उठली तरी दिलं नाहीत. मग त्याची अवलाद माझ्या टेबलावर कशी आली? तुम्ही कुणाला दिलीत? की कुणी चोरली? चोरली असेल तर मला सांगा, मी छडा लावते. नाही सांगितलंत तर मी संशय घेत बसेन, आणि ते माझं काम मी किती मन लावून करते हे तुम्ही आठ वर्षं बघितलं आहे.

नमस्कार लिहायचा का, ठरत नव्हतं. लिहिते. नमस्कार.


२ फेब्रुवारी

आई,

उत्तर मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर येईल असंच वाटलं नव्हतं.

पण काही गोष्टी मला समजल्या नाहीत. समजून घ्यायला लिहिते आहे, भांडायला नाही.

पत्र टाइप केलेलं आहे. हात दुखतो म्हणून दुसऱ्याकडून करून घेतलं, असं तुम्ही लिहिलंय. ठीक. दुकानात तुमच्या वयाची माणसं रोज येतात, हात सगळ्यांचेच दुखतात. पण सुरुवात 'प्रिय सूनबाई' अशी आहे. आठ वर्षांत तुम्ही मला एकदाही सूनबाई म्हणाला नाहीत. 'अगं ए' म्हणालात, 'फौजदारीण' म्हणालात, रागावलात की नुसतं खाकरायचात. आता तर मी सून उरलेही नाही, आणि आत्ताच कशी सूनबाई झाले?

पुढे तुम्ही लिहिता, बैलजीभ जागच्या जागी आहे, तिचं पिल्लू कुणाला दिलं नाही, सगळी झाडं मजेत आहेत, 'मी न चुकता रोज पाणी घालते'.

आई, बैलजिभेला रोज पाणी?

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात कौतुकाने तिला तांब्याभर पाणी घातलं होतं. तेव्हा तुम्ही मला जे बोललात ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "माणसं भुकेने मरतात, ही झाडं लाडाने मरतात," हे वाक्य तर तुम्ही पुढे येईल-जाईल त्याला ऐकवायचात. रोज पाणी घातलं असतं तर ती आत्तापर्यंत बुडापासून कुजून गेली असती.

आणि पाकिटावरचा शिक्का तुमच्या घराजवळच्या पोस्टाचा नाही. तुमच्या मुलाच्या ऑफिसकडचा आहे. वाटेत त्याने टाकलं असेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. मन ऐकत नाही.

तुमची तब्येत बरी आहे ना? एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा. वाकडीतिकडी चालेल. शिवी दिलीत तरी चालेल.


२० फेब्रुवारी

आई,

तुमचं दुसरं पत्र पोचलं. तेही टाइप केलेलं. तब्येत ठणठणीत असल्याचं वाचून बरं वाटलं. 'जुन्या गोष्टी उगाळू नयेत' हेही वाचलं. मी उगाळत नाही. रोपाबद्दल लिहिते, तुम्हाला आवडेल.

त्याने फुलाचा दांडा काढला! एवढंसं रोप, वाटीत बसलेलं, आणि दांडा माझ्या हाताच्या पंज्याएवढा. मालक म्हणाले, "कुवतीबाहेर खर्च करतंय." काल पहिलं फूल उमललं. आता बाप ओळखायला सोपं जाईल, कारण पानं फसवतात, फुलं सहसा फसवत नाहीत.

माझा संशय दोघांवर होता. पहिली, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या खिडकीतली ती छोटी कुंडी, झेब्र्यासारख्या पट्टेरी पानांची. तिची फुलं मळकट पांढरी, चिमुकली आणि वरचा ओठ खालचा ओठ असलेली. दुसरी, माझीच जाळीची कोरफड. आठवते ना? माहेरून आणलेली, तुमच्या बैलजिभेच्या शेजारी ठेवायला तुम्ही तीन महिने परवानगी दिली नव्हती ती. तिचं फूल म्हणजे सरळ नळी, केशरी.

या रोपाचं फूल केशरी-गुलाबी आहे, टोकाला हिरवं. बैलजिभेच्या फुलाला बुडाशी पोट असतं, गोल सुटलेलं. याला पोट आहे, पण अर्धंच. जेवून उठलेल्या बारीक माणसासारखं. पोटाच्या पुढे नळी सरळ गेली आहे. पांढरेपणा नाही, ओठ नाहीत. म्हणजे शिक्षिकेची कुंडी निर्दोष सुटली. दुसरा जो कोणी आहे तो कोरफडीच्या कुळातला आहे, आणि पानांचे दात माझ्या कोरफडीसारखे आहेत.

ती कोरफड मी घर सोडताना बरोबर नेली. आत्ता माझ्याकडे आहे. मग हे जमलं कसं आणि कधी?

एक बारीकशी शंका उरली आहे. तुम्हीच मला कधीतरी शिकवलं होतं, पण आता आठवत नाही. या रोपात बैलजीभ आई आहे की बाप? म्हणजे बी तिच्या पोटात धरलं, की नुसता तिचा पराग दुसरीकडे नेला? पिवळ्या रेघेवरून तुम्ही एका शब्दात सांगाल. तेवढं कळवा.


६ मार्च

तुला,

वर 'आई' लिहिलं नाही, कारण वाचणारा तू आहेस. लिहिणाराही तूच होतास.

तू उत्तर पाठवलंस, 'बैलजीभ बाप आहे.' घरातला कर्ता पुरुष म्हणून तुला तसं वाटलं असेल. ऐक. ती पिवळी रेघ परागातून येत नाही. रेघ आईकडूनच येते, बियाबरोबर. बाप कितीही पट्टेरी असला तरी पोरं हिरवीगार निघतात. तुझ्या आईला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं, वर उठवलं म्हणून चार शब्द जास्त सुनावले असते. म्हणून मुद्दाम विचारलं. तू गळाला लागलास.

मग मी घरी गेले. तुला न कळवता, होय. दाराला कुलूप. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा नाही, कट्ट्यावर कुंड्यांचे गोल डाग, आणि झाड एकही नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याने मला ओळखलं. म्हणाला, "तुम्हाला कुणी कळवलं नाही का? बाईंना नेऊन आता सहा-सात महिने होतील. स्ट्रेचरवरून."

"कुठे नेलं?"

"ते त्यांच्या मुलाला माहीत. अधूनमधून येतो, टपाल घेऊन जातो. विचारलं की सांगतो, सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे! तुझ्या तोंडून हे तीन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत. लिफ्ट मध्येच अडकली तरी आतल्या माणसांना तू वरून हेच ओरडून सांगतोस, आणि तुझ्या लिफ्टच्या धंद्यात ते योग्यही आहे. घरात नाही.

माझ्या मनात काय काय येतंय ते लिहीत नाही, कारण लिहिलं तर ते खरं वाटायला लागेल. एकच विचारते. आई कुठे आहे? आहे ना? आठवड्यात उत्तर दे. टाइप करू नकोस. नाहीतर मी तुझ्या ऑफिसच्या दारात येऊन बसेन, आणि मी बसले की उठत नाही हे तुला चांगलं माहीत आहे.


२१ मार्च

आई,

हे पत्र कुठे पाठवायचं ते सकाळपर्यंत माहीत नव्हतं, तरी लिहायला घेतलं होतं. आता माहीत आहे. सगळं क्रमाने सांगते.

सोमवारी तुमचा मुलगा दुकानात आला. गिऱ्हाइकासारखा काउंटरपाशी उभा राहिला. मालकांनी विचारलं, "जवळचा की लांबचा?" तो म्हणाला, "यांना भेटायचंय." मालक शहाणे, चहा प्यायला बाहेर पडले.

तो वाळला आहे. ते बघून मला वाईट वाटलं आणि लगेच शंका आली, की वाईट वाटावं म्हणूनच असा दाढी न करता आलाय.

"ती जिवंत आहे," तो म्हणाला. "अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं."

"मग पत्रं कशाला लिहिलीस?"

"तू विचारलंस म्हणून."

"मी त्यांना विचारलं होतं!"

"तिला लिहिता येत नाही. काय लिहिणार होतो मी? बरं आहे असं लिहिलं, म्हणजे तू सुटलीस."

"आणि तू?"

तो काउंटरवरची एक फ्रेम उघडून-मिटून बघायला लागला. मी पत्ता मागितला. म्हणाला, "तिला कुणी बघायला नको आहे." मी विचारलं, "हे तिने सांगितलं? बोलणं गेलंय म्हणालास ना?" तर म्हणे, तसं वाटतं. मी विचारलं, शेवटचा कधी गेला होतास. म्हणाला, "जातो." कधी, ते सांगेना. मग खिशातून किल्ल्या काढल्या, परत ठेवल्या आणि पत्ता न देताच गेला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "ती बैलजिभेची कुंडी तिने उचलू दिली नाही. बाकी सगळं वाटून टाकलं, तेवढी एक, आत उगवलेल्या रोपांसकट, मांडीवर घेऊन गेली."

त्यातलं किती खरं मानायचं, यात माझे चार दिवस गेले. तुम्हाला कोंडून ठेवलंय इथपासून तुम्हीच मला टाळताय इथपर्यंत सगळं मनात येऊन गेलं.

आणि आज सकाळी एक बाई आल्या, चष्म्याच्या नाकाच्या गाद्या बदलायला. मालक आतल्या खोलीत डोकावून म्हणाले, "अहो, त्या रोपवाल्या बाई. या खेपेला खरंच बिघडलेला चष्मा आणलाय."

मी यंत्र चालूच ठेवून बाहेर धावले. पायात पांढरे चपटे बूट, हाताला डेटॉलचा वास. मी विचारलं, "ते रोप तुम्ही कुठून आणलंत?"

त्या घाबरल्या. "चोरीचं नाही हो. मी आजारी माणसांच्या आश्रमात काम करते. आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांचं आहे. औषधाच्या वाट्यांत रोपं लावून घेतात माझ्याकडून. बोलता येत नाही, पण खुणा अशा करतात की झक मारत कळतं."

"मग इथे का दिलंत?"

"त्या रोज चष्म्याची डबी दाखवायच्या मला. डबीवर तुमच्या दुकानाचं नाव. मला वाटलं, चष्मा दुरुस्त करायचाय. निघाले तर रोपसुद्धा हातात कोंबलं. इथे हे म्हणाले, चष्मा चांगला आहे. मग मी म्हटलं, रोप तरी ठेवून जावं. परत गेले आणि चष्मा त्यांच्या हातात दिला, तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी मूर्ख आहे."

ते बघणं मला ठाऊक आहे, आई.

पत्ता घेतला. रविवारी येते. माझ्या मनात अजून एक शंका आहे, की तुम्हाला खरोखर मी हवी होते, की ते रोप फक्त कुणीतरी नीट जगवावं एवढंच होतं. येऊन बघते.


२ एप्रिल

तुला,

मी जाऊन आले. तू सांगितलं नाहीस तरी.

फाटकाशीच मुख्य बाईंनी अडवलं. "पेशंटचं नातं?" मी म्हटलं, "सून होते." "होते म्हणजे?" "म्हणजे आता नाही." त्या म्हणाल्या, नातेवाईकांशिवाय आत सोडत नाही. तेवढ्यात रोप आणून देणाऱ्या, आश्रमातल्या त्या पांढऱ्या बूटवाल्या मावशी मागून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, सोडा, आजी हिचीच वाट बघतायत. आजच्या दिवसात तीनदा दाराकडे बोट दाखवलंय." मुख्य बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्यासारखीच संशयी बाई आहे. मला आवडली.

आई खिडकीत खुर्चीवर होती. केस कापलेत तिचे. मांडीवर उजवा हात ठेवलेला, दुसऱ्याचं काहीतरी सांभाळायला दिल्यासारखा. मला बघितलं आणि म्हणाली, "खोटं."

मी हातातली पिशवी दारातच खाली ठेवली.

हे तू मला का सांगितलं नाहीस? बोलणं गेलं, एवढंच म्हणालास. एक शब्द उरलाय आणि तो हा आहे, हे गिळून टाकलंस.

मला वाटलं, मला म्हणतेय. माझं येणं खोटं, माझी काळजी खोटी. परत फिरणार होते. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या, तर ती चहाला म्हणाली, "खोटं." मावशी म्हणाल्या, "हो, साखर घातलीये." मग पंख्याकडे बघून "खोटं", तर मावशींनी पंखा कमी केला. खिडकीत कबुतर बसलं, त्याला ओरडून "खोटं, खोटं!"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. मेंदूचा बोलण्याचा भाग गेला की कधीकधी एखादाच शब्द अडकून राहतो. माणसाला म्हणायचं असतं भलतंच, बाहेर तोच पडतो. एका म्हाताऱ्यांना फक्त 'मंगळवार' म्हणता यायचं म्हणे.

तेव्हा मला एकदम कळलं, तू पाच महिने तिकडे का फिरकला नाहीस. मुख्य बाईंनी सांगितलं, सुरुवातीला तू रोज जायचास. जाऊन म्हणायचास, "आई, बरी आहेस ना? डॉक्टर म्हणाले लवकर सुधारेल." आणि ती म्हणायची, "खोटं." तू म्हणायचास, "घरी नेतो लवकरच." "खोटं." तुला वाटलं, आईने अखेर पकडलं. एकदा तू बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलास, म्हणे. नंतर आलाच नाहीस.

तुझ्या कुठल्या बोलण्यात किती खरं असतं याचा हिशेब मी लग्नात सोडून दिला. पण हा शब्द तिने तुझ्यासाठी ठेवलेला नाही. तो कबुतरासाठीही आहे.

मी तिला विचारलं. माझी कोरफड घेऊन गेले होते, रोपही नेलं होतं, ती बैलजीभ तिथे होतीच. बैलजिभेवर बोट ठेवून म्हटलं, "ही आई?" तिने 'हे काय विचारणं झालं' अशी मान हलवली. म्हटलं, "आणि बाप?" तिने डावा हात उचलून आधी माझ्या कोरफडीवर ठेवला, मग माझ्या खांद्यावर थाप मारली, जोरात. "खोटं," म्हणाली, आणि हसली. तोंडाची एकच बाजू हसते आता. मी निघून गेले त्याच्या आधीच्या वसंतात माझ्या कोरफडीच्या फुलांतले परागकोश कुणीतरी खुडले होते, आणि ते आईने वैरापोटी केलं असं मी धरून चालले होते. तिने केलं होतं हे खरं, पण वैर नव्हतं त्यात. तो पराग बैलजिभेच्या फुलांना लावून तिने बिया धरल्या, तिच्याच कुंडीत पेरल्या. मी गेल्यावर उगवल्या, आणि तिने त्या जगवल्या.

रविवारी चार वाजता मी जाते. यायचं असेल तर ये. तू येशील यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते.


२९ एप्रिल

आई,

मावशी म्हणाल्या, मी आश्रमात पाठवते ती पत्रं तुम्ही त्यांच्याकडून दोन-दोनदा वाचून घेता आणि तुमच्याबद्दल काही कमी लिहिलं असेल तिथे भुवई वर करता. म्हणून मागच्या रविवारचं लिहिते. तुम्ही तिथे होतात, पण तुमचा मुलगा खाली बसला होता, तुम्हाला त्याचं फक्त डोकं दिसत होतं. मी बाजूच्या बुटक्या स्टुलावर होते. मला चेहरा दिसत होता. तुम्हाला तो कुणीतरी सांगायला हवा.

साडेचार झाले तरी आला नव्हता. मी मनात म्हटलं, बघा, झालं ना. मग जिन्यात चपलांचा आवाज आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मी उठले नाही. ज्याला यायचंय तो येईल.

तो दारात आला. काय बोलावं ते ठरवून आला होता, ओठ हलत होते. तुम्ही त्याला बघितलं आणि म्हणालात, "खोटं."

त्याच्या गालाची शीर उडाली, आई. तो परत वळला असता. पण तेवढ्यात तुम्ही तो शब्द दुसऱ्यांदा म्हणालात, लांबवून, कुरकुरत, आणि डाव्या हाताची बोटं पसरून त्याच्यासमोर धरलीत. नखं वाढली होती. मावशींना तुम्ही कापू देत नव्हता, त्या दोनदा विनवून थकल्या होत्या.

तो हाताकडे बघत राहिला. "नेलकटर आहे का इथे?" त्याने मला विचारलं. चार वर्षांत मला विचारलेला त्याचा पहिला सरळ प्रश्न. मी मावशींकडून आणून दिलं.

तो जमिनीवर बसला आणि तुमची नखं कापायला लागला. सुरुवातीला त्याचा चेहरा पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा होता. पाठ ताठ, हसू चिकटवलेलं. तो सारखं काहीतरी सांगत होता. ऑफिस, रस्त्यावरची गर्दी, नवीन इमारतीतली बारा मजल्यांची लिफ्ट. तुम्ही प्रत्येकाला "खोटं" म्हणत होता, आणि दर वेळी त्याचा हात थबकत होता. आंगठा, पहिलं बोट, दुसरं. मग हळूहळू बोलणं कमी झालं. तिसऱ्या बोटाला हसू गळून पडलं आणि त्याने खालचा ओठ दातांत धरला. त्याचा असा चेहरा मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. काहीच सजवलेलं नव्हतं त्यावर. मला त्याच्याबद्दल आजही खात्री नाही. पुढच्या रविवारी तो येईल असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तो चेहरा खरा होता. माझा धंदाच बारीक बघायचा आहे.

डावा हात संपला. तो उठायला लागला. तुम्ही उजवा हात, तो निकामी हात, डाव्या हाताने मनगटाशी धरून उचललात आणि त्याच्या मांडीवर ठेवलात. तो जागच्या जागी बसून राहिला. त्याचे डोळे भरले, पण पुसायला हात रिकामे नव्हते.

त्याने तुमची आखडलेली बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सगळ्यात घट्ट होती. त्याने ती उघडायला जरा जोर लावला तसं तुम्ही कळवळून म्हणालात, "खोटं!"

त्याने मान वर केली नाही, हातही थबकला नाही.

"हो गं," तो म्हणाला. "हळू करतो."